आकडे कुणाचे चांगले, भारताचे की बांगलादेशचे?

नाशिकला एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: विकासाची आकडेवारी भारत चांगली गोळा करतो की बांगलादेश, आणि जागतिक बँकेचा सांख्यिकी निर्देशांक बघून ते ठरवता येईल का?

मी बरीच वर्षं घरोघरच्या पाहण्या केल्या, जास्त करून सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागात. त्या अनुभवावरून सांगतो. निर्देशांक जरूर बघा. कोणत्या पाहण्या कधी झाल्या, आकडे लोकांना मिळतात का, कायदा आणि पैसा आहे का, हे त्यातून कळतं. दारात काय घडलं ते मात्र कळत नाही.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही डिसेंबरात गेलो होतो. निवडलेल्या आठ घरांपैकी पाच घरांना कुलूप. माणसं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरलेली. बंद घराऐवजी दुसरं घर घ्यायची मुभा असते. पण डिसेंबरात गावात थांबतो कोण? शिक्षक, दुकानदार, ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो. आमचे तक्ते पूर्ण भरले, एक रकाना रिकामा राहिला नाही, आणि त्या पाड्याची गरिबी कागदावर कमी झाली. तिकडे बागेच्या बांधाला ताडपत्रीखाली राहणारी ती पाच कुटुंबं कुणाच्याच यादीत नव्हती. ते तक्ते आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, नमुना ज्या यादीतून काढला ती किती जुनी आहे? आपली शेवटची जनगणना २०११ची. २०२१ची झालीच नाही, आता १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख, म्हणजे ज्या दिवशीची लोकसंख्या धरायची तो दिवस, ठरली आहे. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या आजही ६१,०७,१८७ अशीच लिहावी लागते. नमुन्यासाठी शहराचे जे छोटे भाग, म्हणजे गट, पाडतात, ते वेगळ्या पाहणीतून अद्ययावत होतात, त्यामुळे पाथर्डी फाट्यासारखी वाढलेली वस्ती अगदीच निसटत नाही. पण अन्नसुरक्षेचा इष्टांक, म्हणजे स्वस्त धान्य किती लोकांना द्यायचं तो ठरलेला आकडा, २०११च्याच लोकसंख्येवर बेतलेला आहे. नवं रेशनकार्ड मागणाऱ्याला ‘इष्टांक शिल्लक नाही’ असं ऐकावं लागतं, त्यामागे हेही कारण आहे.

बांगलादेशची जनगणनाही कोविडमुळे लांबली, पण जून २०२२मध्ये त्यांनी ती टॅबलेटवर उरकली. त्यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. किती माणसं सुटली याची तपासणी त्यांनी बीआयडीएस या वेगळ्या संशोधन संस्थेकडे दिली. २.७५ टक्के सुटली होती. मग एकूण आकडा सुमारे १६.५१ कोटींवरून १६.९८ कोटी केला. आपणही २०११नंतर अशी तपासणी केली. हजारी २३ माणसं सुटल्याचं निघालं, ते छापलंही. पण ती गणना करणाऱ्या खात्यानेच केली आणि मूळ आकडा तसाच राहिला. या बाबतीत त्यांची पद्धत मला सरळ वाटते.

घरखर्चाच्या पाहणीतही तेच. त्यांच्या पाहण्या २०१०, २०१६ आणि २०२२च्या. आपली २०११-१२ची, त्यानंतर एकदम २०२२-२३ची. मधली २०१७-१८ची झाली होती, पण दर्जाचं कारण देऊन सरकारने ती प्रसिद्ध केली नाही. अकरा वर्षं गरिबीवर अंदाजांनीच वाद घातले गेले.

एवढ्यावर बांगलादेशला पहिला नंबर देऊ नका. २०२४मध्ये तिथले निर्यातीचे आकडे १० अब्ज डॉलरहून जास्त फुगवलेले निघाले, आणि अर्थव्यवस्थेची स्थिती तपासायला त्याच वर्षी नेमलेल्या श्वेतपत्रिका समितीने आर्थिक वाढीच्या दरावरही बोट ठेवलं. आपली खरी ताकद पद्धतशास्त्रात आहे. शेतातला एक तुकडा कापून त्यावरून पिकाचं उत्पादन काढतात. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी त्यासाठी लहान तुकडे सुचवले. साताऱ्याकडचे दुसरे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी प्रयोग करून दाखवलं, की लहान तुकड्यात कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन जास्त दिसतं. असा वाद उघडपणे, मोजमाप करून झाला, हे मोठं धन आहे. शिवाय आपल्या पाहण्यांची घरनिहाय माहिती, नावं वगळून, कुणालाही उतरवून घेता येते. तुम्ही ती नक्की वापरा.

प्रबंधासाठी पूर्ण देश घेऊ नका. घरखर्चाची एकच पाहणी धरा. दोन्हीकडच्या क्षेत्रकामाच्या सूचना काढा आणि घराला कुलूप असेल तर काय करायचं, हे लिहिलंय ते पान आधी वाचा.