मुलगी सीए सोडून लिहीत बसलीय, तिला समजवा

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. बार्शीत हार्डवेअरचं दुकान, मुलगी बीकॉम झालेली, सीए इंटरचा पहिला ग्रुप दोनदा राहिला, आणि गेली दोन वर्षं ती घरूनच छोटे धंदे आणि घरातला पैसा या विषयांवर लिहिते, महिन्याला वीस-बावीस हजार येतात, एखाद्या महिन्यात काहीच येत नाही, एका एजन्सीने तर तीन महिन्यांचे पैसे अडकवलेत. तुमचं म्हणणं तिने परत सीएला बसावं, नाहीतर निदान बँकेची परीक्षा द्यावी. इथपर्यंत ठीक होतं. पण शेवटी लिहिलंय, "मी पत्र लिहिलंय हे तिला कळू देऊ नका, तुम्ही आपणहून फोन केल्यासारखा करा आणि समजवा."

हे मी करणार नाही. चोवीस वर्षांची, स्वतःचं कमावणारी मुलगी आहे ती, तिला तिच्याच बापाने एका परक्या बाईकरवी गुपचूप वळवायचं हे मला पटत नाही, आणि कधी ना कधी तिला कळणारच, मग ती तुमच्यावर परत विश्वास कसा ठेवेल? अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत पण नाहीये. सीए का सोडलं, परत द्यायचंय का, काही नाही. पाहुण्यांना काय सांगायचं हे मात्र दोनदा आलंय. बायोडाटात फ्रीलान्स रायटर लिहिलं की समोरचे विचारतात "म्हणजे घरीच असते का?" विचारू देत की, हो म्हणा, घरीच असते आणि घरूनच कमावते.

"असलं काहीतरी लिहिते" म्हणून तुम्ही तिचे दोन लेख पाठवलेत. खरं सांगा, वाचलेत का? मी वाचले. एक मेस चालवणाऱ्या बाईंवर आहे, 70 रुपयांना डबा, बाईंचा हिशोब असा की डब्यामागे वीस रुपये सुटतात. तुमच्या मुलीने त्यांच्याजवळ बसून गॅस धरला, डबे पोचवणाऱ्या पोराचं पेट्रोल धरलं, सुट्टीला गावी जाणारी पोरं जे डबे कापून घेतात ते धरलं, महिनाअखेरीला पैसे बुडवून रूम सोडणारे धरले, आणि उरले सात-आठ रुपये, त्यातही बाईंची पहाटे पाचपासूनची स्वतःची मजुरी कुठेच नाही. दुसरा लेख पतसंस्थेवर. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या सुद्धा, 5 लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव-विमा संस्थेचा, विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे तिने इतकं सोपं करून लिहिलंय की माझ्या आईला पण मी तो लेख वाचून दाखवला. टाइमपास म्हणून कोणी असं लिहीत नाही हो.

आता तुमचा एक गैरसमज, आणि तो बऱ्याच जणांचा आहे. तुम्ही म्हणता सीए नसताना पैशाबद्दल लिहिणं बेकायदा आहे, उद्या सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोटीस येईल. असं नाहीये. सेबीचे नियम आहेत ते सल्ला देऊन फी घेणाऱ्यांसाठी, इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझरचे 2013 चे आणि रिसर्च अॅनालिस्टचे 2014 चे. "हा शेअर घ्या, हा विका, इतका परतावा मिळेल" असं नोंदणी नसताना सांगत सुटलात तर अडचण. पण एसआयपी कशी चालते, पॉलिसी मधेच मोडली तर हातात काय येतं, मुद्रा कर्जाला बँक कुठले कागद मागते हे समजावून लिहायला सीएची डिग्री लागत नाही. उलट सीए झालात तरी गुंतवणुकीचा सल्ला हाच धंदा करायचा तर सेबीची नोंदणी वेगळीच काढावी लागते! तिला स्वतःला पाया पक्का करायचा असेल तर सेबीच्याच एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची एखादी सर्टिफिकेट परीक्षा द्यावी, बस.

सीए इंटर परत देता येतं, बँक क्लार्कच्या आयबीपीएस परीक्षेला 28 पर्यंत वय चालतं, दारं उघडी आहेत, पण जायचं की नाही ते ती ठरवेल.

या कामात मला काळजी नाही असं नाही. "पैसे वाचवायचे दहा मार्ग" छापाचं लिखाण आता एआयकडून फुकटात होतं, एजन्सीवाले रेट पाडणारच, पाडतायत. मेसच्या बाईंजवळ बसून लिहिलेलं मात्र कोणाला घरबसल्या जमत नाही. तिने तसंच लिहीत राहावं.

तिची खरी कच्ची बाजू वसुली आहे, आणि त्यात मी काय शिकवणार, तुम्ही उस्ताद आहात. इतकी वर्षं कॉन्ट्रॅक्टर लोकांची उधारी सांभाळताय, कोणाला माल द्यायचा, कोणाचा हात आखडायचा, जुनी बाकी आल्याशिवाय नवीन पोतं काढायचं नाही हे तुम्हाला पाठ आहे. आणि तुमच्याच घरात पोरगी जुने पैसे आले नसताना त्याच एजन्सीला पुढचे लेख देतेय! तिला एक दिवस गल्ल्यावर बसवा, वही दाखवा.

दुसरं, तिची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाका, ऑनलाइन होते, फुकट होते, आधार-पॅन लागतं. 2006 च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. गंमत म्हणजे तुम्ही व्यापारी, म्हणून तुमच्या दुकानाला उद्यमवर हा फायदा नाही, ती सेवा देते म्हणून तिला आहे. अडकलेल्या जुन्या पैशांना तो लागू होईल असं धरून चालू नका, पण नोंदणीनंतरच्या कामाला होईल, बिलावर उद्यम नंबर टाकायचा.

आणि हो, वर्षाला 50 हजारांच्या वर देणाऱ्या कंपन्या तिचा 10 टक्के टीडीएस कापत असतील, एवढ्या उत्पन्नावर तो बहुतेक सगळा परत मिळतो. रिटर्न भरलंय का विचारा, नसेल तर तुमच्या दुकानाचं रिटर्न भरणाऱ्याकडेच तिला पाठवा, मुदत संपायच्या आत.