‘मामा, तू पण मरशील का?’ : अचानक पालक झालेल्यांचे प्रश्न

स्वतःपुरतं जगण्याच्या वयात भावाची किंवा बहिणीची पोरकी झालेली मुलं ज्यांच्याकडे आली, अशा पाच वाचकांची पत्रं या अंकासाठी घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत. उत्तरं बालसमुपदेशन, बालरोग आणि कुटुंब कायदा या क्षेत्रांतल्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी ताई आणि भावजी अपघातात गेले. भाचा चार वर्षांचा, भाची नऊची. दोघं माझ्याकडे आहेत. मी सव्वीस वर्षांचा, लहान मुलांची कधी सवयच नव्हती. भाचा रोज विचारतो, आई कधी येणार? भाची एकदाही रडलेली नाही. काल भाच्याने विचारलं, मामा, तू पण मरशील का? मी विषय बदलला. काय बोलायला हवं होतं?

उत्तर : ‘मेली’ हा शब्द तोंडातून निघत नाही, हे आम्ही जाणतो. तरी तोच वापरा. ‘आई झोपलीय’ म्हटलं की चार वर्षांचं मूल झोपायला घाबरू लागतं. ‘लांब गेलीय’ म्हटलं की ते दाराकडे डोळे लावून बसतं, आणि मला न सांगता गेली म्हणून मनातून रुसतं. ‘देवाने नेलं’ म्हटलं की उद्या देव मामालाही नेईल, ही धास्ती बसते. त्याऐवजी असं सांगा: ‘आईबाबांना अपघातात फार मोठी इजा झाली. त्यांचं शरीर बंद पडलं. डॉक्टरांनाही ते पुन्हा सुरू करता आलं नाही. ते मेले. मेलेलं माणूस परत येत नाही. त्यांना आता दुखत नाही, भूक लागत नाही, थंडी वाजत नाही.’

हे ऐकूनही तो उद्या पुन्हा तेच विचारणार. तो हट्टी आहे किंवा विसरला आहे असं समजू नका. मरण म्हणजे काय हे कळायला चार गोष्टी उमगाव्या लागतात: त्यातून परत येता येत नाही, शरीराची सगळी कामं थांबतात, प्रत्येक जिवाला कधीतरी मरण आहे आणि मरणाला शारीरिक कारण असतं. बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात या वयात हे उमगू लागतं. तुमचा भाचा अजून तिथे पोचलेला नाही. म्हणून दर वेळी त्याच शब्दांत, त्याच शांत आवाजात उत्तर द्या. शब्द बदलले की त्याला वाटतं उत्तरच बदललं. वर दिलेली हीच वाक्यं कागदावर लिहून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला द्या. एखाद्या आजीने किंवा आत्याने कळवळून ‘येतील हं लवकर’ म्हटलं की तुमचे तीन आठवडे वाया जातात.

पोरक्या मुलांच्या मनात बहुधा तीन प्रश्न फिरत असतात: हे माझ्यामुळे झालं का? मलाही असं होईल का? आता माझं कोण करणार? ती विचारोत न विचारोत, तुम्ही तिन्हींची उत्तरं द्या. पहिलं सगळ्यात निसटतं. त्या दिवशी आईवर चिडून मूल काहीतरी बोललेलं असतं आणि त्यामुळेच ती गेली असं मनात धरून बसतं. ‘तू जे बोललास, केलंस किंवा मनात आणलंस, त्याने अपघात झालेला नाही,’ हे दोघांनाही वेगवेगळं बसवून सांगा.

आता ‘तू पण मरशील का?’ याबद्दल. ‘मी कधीच मरणार नाही’ असं वचन देऊ नका. आईबाबाही मरणार नाहीत असंच त्याला वाटत होतं, आणि ते मेले, हे त्याने पाहिलेलं आहे. असं म्हणा: ‘कधीतरी सगळेच मरतात. बरीच माणसं म्हातारी होऊन मरतात. माझी तब्येत चांगली आहे, मी काळजी घेतो. आणि मला काही झालंच, तर अमुक मावशी तुमच्याजवळ राहील.’ हे शेवटचं वाक्य खरं असायला हवं. त्या मावशीशी आधी बोला, तिचा होकार घ्या, तो लेखी ठेवा आणि मगच मुलांना नाव सांगा. मुलाच्या भीतीवर उपाय म्हणून पुढच्या माणसाचं नाव कळण्याइतकं गुणकारी दुसरं काही आमच्या पाहण्यात नाही.

भाचीचं न रडणं वेगळं आहे. नऊ वर्षांच्या मुलीला सगळं कळलेलं असतं. मुलांचं दुःख मोठ्यांसारखं सलग नसतं. दहा मिनिटं हमसून रडायचं आणि लगेच खेळायला पळायचं, हे नेहमीचं. पण या वयाची मुलं समोरच्याचा चेहराही वाचतात. आपण रडलो तर मामा कोसळेल, असं वाटलं की ती गप्प होतात. तिला ‘रड’ म्हणू नका. तुम्हाला भरून आलं तर लपवू नका; डोळे पुसताना सांगा, ‘ताईची आठवण आली. थोड्या वेळाने बरं वाटेल. तू काही केलेलं नाहीस.’ आईची ओढणी, बाबांचं घड्याळ, फोटो ठेवायला तिला एक डबा द्या आणि त्यात काय ठेवायचं ते तिलाच ठरवू द्या.

प्रश्न : वय तेवीस. बहिणीच्या दोन मुली माझ्याकडे, सहा आणि अकरा वर्षांच्या. सकाळी साडेसहाला उठवावं लागतं आणि रोज रणकंदन होतं. धाकटी पुन्हा अंथरुणात शू करू लागलीय. मी जरा बाहेर पडले की दोघी रडतात, म्हणून हल्ली त्या टीव्हीपुढे असताना हळूच सटकते. चुकतंय ना?

उत्तर : हळूच सटकणं आजपासून बंद करा. न सांगता गेलेलं माणूस परत आलं नाही, हे या मुलींनी एकदा अनुभवलं आहे. निघताना कुठे जाते आणि किती वाजता येते ते सांगा, घड्याळात काटा दाखवा. पहिल्यांदा वीस मिनिटंच जा. तीन-चार दिवस ते जमलं की एक तास, मग एक संध्याकाळ. सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी या. उशीर होणार असेल तर वेळ टळायच्या आधी फोन करा, नंतर नाही. शाळेतून आणायलाही हाच नियम. फाटकाशी तुम्हाला झालेला दहा मिनिटांचा उशीरही त्यांना आई परत न येण्याइतका वाटतो.

सकाळचं भांडण बहुतेक वेळा आदल्या रात्रीचं असतं. सहा ते बारा वयाच्या मुलांना रात्री नऊ ते बारा तास झोप लागते. साडेसहाला उठायचं तर धाकटी साडेआठला आणि थोरली फार तर सव्वानऊला झोपलेली हवी. म्हणजे दिवा मालवण्याची वेळ त्याआधी वीस मिनिटं, आणि टीव्ही-मोबाइल बंद त्याआधी एक तास. तुम्हाला स्वतःला रात्री बाराला जाग असायची सवय असेल तर हे फार अवघड जाईल, पण दिवसभराचं वेळापत्रक आखत बसू नका. फक्त दोन टोकं पक्की करा, उठल्यापासून शाळेपर्यंत आणि जेवणापासून झोपेपर्यंत. तोच क्रम, तीच माणसं. मधला दिवस विस्कटला तरी चालतो.

अंथरूण ओलं होण्यावर ओरडा नको आणि लाजवणं तर अजिबात नको. निदान सहा महिने कोरडी राहिलेली मुलगी धक्क्यानंतर पुन्हा शू करू लागते, हे वारंवार दिसतं. गादीवर रबरी कापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा रबरी कापड आणि दुसरी चादर घाला. रात्री वरचा थर ओढून काढला की खाली कोरडं अंथरूण तयार असतं, दिवाही लावावा लागत नाही. पाणी दिवसा भरपूर द्या, झोपायच्या तासभर आधी कमी करा, दिवा मालवताना एकदा शू करायला न्या. पोट साफ होतं का पाहा, कारण बद्धकोष्ठाने मूत्राशयावर दाब येतो. शू करताना जळजळ, खूप तहान किंवा वजन उतरणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मधुमेहाची सुरुवातही अशी असू शकते.

प्रश्न : भावाचा मुलगा, सोळा किलो, काल पहिल्यांदा तापला. घरात दोन बाटल्या, दोन्हीवर पॅरासिटामॉल. किती द्यायचं?

उत्तर : हे औषध वयावरून नाही, वजनावरून देतात: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. सोळा किलोला एका वेळी जास्तीत जास्त २४० मिलिग्रॅम. आता बाटलीवरचा बारीक मजकूर वाचा. एकीवर ‘५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम’ असेल तर तुमचा डोस १० मिलिलिटर. दुसरीवर ‘५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम’ असेल तर जेमतेम ४.८ मिलिलिटर. नाव तेच, जोर दुप्पट. चूक इथेच होते. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतची मापाची टोपी किंवा सिरिंज घ्या. डोस दिला की वेळ भिंतीवरच्या कागदावर लिहा, नाहीतर तुम्ही दिलेला डोस आत्या पुन्हा देते. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. मूल निपचित पडलं, मान ताठ झाली, श्वास जड झाला किंवा पाणीही पोटात टिकेना, तर औषधाचा परिणाम बघत थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : मी काका. मुलं माझ्याकडे चार महिने आहेत. शाळा म्हणते पालकत्वाचा कागद आणा. घरचे म्हणतात आपलीच मुलं, कोर्टात कशाला? एक नातेवाईक धाकट्याला आपल्याकडे न्यायचं म्हणतात.

उत्तर : मुलं तुमच्याकडे राहणं आणि त्यांच्यासाठी सही करण्याचा अधिकार असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जिवावरच्या प्रसंगी डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत. पण ठरवून करायची शस्त्रक्रिया, पासपोर्ट, शाळा बदलणं, विम्याचे पैसे यापैकी एकेक गोष्ट अडते, आणि नेमकी घाईच्या दिवशी अडते. आधी भावाचं मृत्युपत्र आहे का आणि त्यात पालक म्हणून कुणाचं नाव आहे का ते शोधा. मग कोर्टाकडून नेमणूक घ्या. बऱ्याच कायद्यांत मुलाचा सांभाळ आणि मुलाची मालमत्ता यांचे पालक वेगळे मानतात. एकाच अर्जात दोन्ही मागता येतात का ते वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा.

एक जाड फाइल करा. दोघांच्या मृत्यूच्या दाखल्यांच्या निदान दहा साक्षांकित प्रती, मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची नोंद, ॲलर्जी आणि चालू औषधं, शाळेची कागदपत्रं, विमा, बँक आणि निवृत्तिवेतनाचे कागद त्यात हवेत. विम्याच्या आणि निवृत्तिवेतनाच्या दाव्यांना मुदती असतात, ते अर्ज सगळ्यात आधी. मुलांचे पैसे मुलांच्या नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवा आणि एका वहीत प्रत्येक खर्च पावतीसह लिहा. हे शंका आहे म्हणून नाही. पुतण्या अठरा वर्षांचा झाल्यावर त्याच्यासमोर ठेवायला तीच वही लागते. जमीन किंवा घर कोर्टाच्या परवानगीशिवाय विकायला जाऊ नका. बहुतेक ठिकाणी असा व्यवहार पुढे रद्द ठरू शकतो.

भावाचा आणि वहिनींचा फोन नंबर घाईने बंद करू नका. बँकेचे संदेश, जुन्या खात्यांचे पासवर्ड त्यावरच येतात, आणि आईचा आवाज असलेले निरोपही तिथेच असतात. ते दोन वेगवेगळ्या जागी उतरवून घ्या, मग नंबर सोडा. नंबर आधी गेला तर ते आवाज परत मिळत नाहीत.

धाकट्याला वेगळं करू देऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली स्वीकारलेल्या मुलांच्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही भावंडं एकत्र ठेवावीत असंच म्हटलं आहे; अपवाद फक्त स्पष्ट धोका किंवा मुलाच्या हिताचं दुसरं सबळ कारण असेल तर. आईबाबांपाठोपाठ भावंडही गेलं, हा दुसरा घाव मुलांनी सोसू नये. आणि मुलांनाही विचारा. संयुक्त राष्ट्रांच्याच १९८९ च्या बालहक्क संहितेचं १२ वं कलम सांगतं, आपल्याबद्दलच्या निर्णयात मत मांडण्याचा हक्क मुलाला आहे. ठरवायचं तुम्हीच, पण ऐकून.

प्रश्न : पंधरा वर्षांची भाची म्हणाली, ‘तू माझी आई नाहीस.’ मी सत्तावीस वर्षांची मावशी. सकाळी धाकट्या भावाचं सगळं तीच करते, रात्री दोनपर्यंत फोनवर असते. मला मात्र आतून वाटतं, माझं आयुष्य कुणीतरी उचलून नेलं, आणि मग लाज वाटते.

उत्तर : तिला म्हणा, ‘बरोबर. मी मावशी आहे. आई व्हायचा प्रयत्न मी करणार नाही.’ वाद तिथेच संपतो, कारण तिला हेच ऐकायचं होतं. नियम तीनच ठेवा: रात्री कुठे आहे ते कळवायचं, फोन अकरानंतर खोलीबाहेर, शाळा बुडवायची नाही. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. फोन बाहेर ठेवण्याचा नियम तुम्हीही पाळा. बाकी कपडे, केस, खोली तिच्यावर सोडा.

भावाचं सगळं करणं कौतुकाचं वाटतं, पण तिने आईची जागा घेतली आहे आणि ते ओझं काढायला हवं. एकदम नाही, सकाळची तयारी तुम्ही घ्या, झोपताना गोष्ट सांगणं तिच्याकडे राहू द्या. ती स्वतःला इजा करते आहे किंवा मरणाविषयी बोलते आहे असं वाटलं तर थेट विचारा, ‘मरून जावं असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. होकार आला तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. सहा महिन्यांनंतरही आठवणींची ओढ दिवसभर सुटत नसेल, शाळा आणि मित्र तुटले असतील, तर तज्ज्ञांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत लांबलेल्या दुःखाचा स्वतंत्र विकार नोंदलेला आहे.

आणि तुमची लाज. तुमचीही बहीण गेली आहे, हे पत्रात तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. मुलांचं करता करता तुमचं रडणं मागे पडलं. दुःखाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलं की माणूस दुःखात शिरणं आणि रोजच्या कामाला लागणं यांमध्ये येरझारा घालतो, आणि दोन्ही लागतात. राग येणं म्हणजे प्रेम नसणं नव्हे. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना आता काम सांगा, वार आणि वेळ ठरवून: एकाने मंगळवारी शाळेतून आणायचं, एकीने गुरुवारी संध्याकाळी सहा ते दहा मुलांजवळ बसायचं. गुरुवारचे ते चार तास तुमचे. मुलांना आधी सांगून जा, दहाच्या आत या.