कुराणाचा नवा अर्थ लावणं ही पळवाट आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: कुराणातल्या हुकमांचा काळाप्रमाणे नवा अर्थ लावता येतो का, की ती निव्वळ पळवाट? आणि गोव्यातल्या मुसलमानांना इथल्या समान नागरी कायद्याची अडचण होत नाही का?

मी आलिम, म्हणजे धर्मपंडित, नाही. फोंड्याचा, मराठी शाळेत शिकलेला, नऊ वर्षं कुवेतला नोकरी करून परत आलेला माणूस. या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती अब्बा गेल्यानंतर, घराच्या वाटणीत.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाला आणि चाचा वही घेऊन बसले. वारस तिघं: अम्मी, मी आणि माझी बहीण, आपा. चाचांनी घराचे २४ भाग पाडले. बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे ३. उरले २१, त्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. मला १४, आपाला ७. कुराणातल्या सूरह निसा या अध्यायाच्या ११ आणि १२ या आयतींप्रमाणे हिशोब बिनचूक होता.

पण गोव्यात तो चालत नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० मध्ये लागू झाली, आणि देशात इतरत्र मुसलमानांना लागू असलेला १९३७ चा शरियत कायदा आम्हाला लागूच नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. त्यामुळे तेच २४ भाग असे पडले: १२ अम्मीचे, तेही वारसा म्हणून नव्हे, मुळातच तिचे. अब्बांच्या उरलेल्या १२ मधले ६ मला, ६ आपाला. माझे १४ चे ६ झाले!

चाचांनी तोड काढली. आपाने हक्क सोडल्याचं लिहून द्यावं, म्हणजे कायदाही राहील आणि शरियतही. (इथे त्यासाठी भावजींचीही सही लागते, हे चाचांच्या गावी नव्हतं.) मी काय केलं? गप्प बसलो. फायदा माझा होता ना.

आपा शिक्षिका आहे. अब्बांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असायचं, आणि रिक्षापासून इंजेक्शनपर्यंत सगळं तिच्या पगारातून जायचं. मी सणासुदीला पैसे पाठवायचो, तेवढंच. ती चाचांना म्हणाली, "त्याच सूरेत पुढे ३४ वी आयत वाचा. पुरुष आपल्या मालातून खर्च करतात, असं लिहिलंय. इथे खर्च मी केला. मग दोन हिस्से कुणाचे?"

चाचा आम्हा दोघांना घेऊन मौलाना साहेबांकडे गेले. भला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "हिस्से अल्लाने ठरवलेत, ते मी बदलू शकत नाही. पण तू तुझ्यातलं बहिणीला दिलंस तर तुला कोण अडवतंय?" परत येताना आपा एवढंच म्हणाली, "त्याने दिलं तर ती मेहरबानी. मी हक्काचं विचारत होते."

या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत तुमचा सगळा प्रश्न आहे. त्यानंतर मी वाचायला लागलो.

वाचल्यावर कळलं की आपा नवं काहीच बोलली नव्हती. हुकमामागचं कारण शोधायचं; या कारणाला फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, 'इल्लत' म्हणतात. पैगंबरांनंतरचे दुसरे खलिफा उमर यांनी दुष्काळात चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा थांबवली होती. आयत तीच होती, पण माणसं उपाशी होती. तीन तलाकचंही तसंच. सहीह मुस्लिम या हदीसच्या (पैगंबरांच्या काळातल्या परंपरांच्या) प्रमाण संग्रहात नोंद आहे की पैगंबरांच्या काळात, पहिले खलिफा अबू बकर यांच्या काळात आणि उमर यांच्या पहिल्या दोन वर्षांत एका दमात दिलेले तीन तलाक एकच धरले जात. लोक उतावळे झाले म्हणून उमर यांनी ते तीन धरायला सुरुवात केली. म्हणजे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात तीन तलाकच्या ज्या नियमाला हात लावू नका असं त्याचे समर्थक म्हणत होते, तो स्वतःच एकेकाळी केलेला बदल होता.

आणि हे फक्त सुधारक करतात असंही नाही. देवबंदच्या मदरशाच्या परंपरेतले आलिम अशरफ अली थानवी घ्या, त्यांच्याइतका कर्मठ माणूस विरळा. नवरा बेपत्ता झाला तर हनाफी मताप्रमाणे (हनाफी, मालिकी हे सुन्नी फिकहचे वेगवेगळे पंथ) बायकोने जवळजवळ जन्मभर वाट पाहायची. सुटका म्हणून काही बायका धर्मच सोडू लागल्या. तेव्हा थानवींनी हनाफी मत बाजूला ठेवून मालिकी मत उचललं, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात चार वर्षांची मुदत आली. याला कोणी पळवाट म्हणत नाही. माझ्या मते पळवाट ती, जिथे अर्थ लावणाऱ्याचाच खिसा भरतो. वाटणीत शरियत सांगणाऱ्या चाचांच्या बँकेत तीन एफडी आहेत. व्याज हराम ठरवणारी आयत त्यांना त्या दिवशी आठवली नाही.

तरी आपाचा मुद्दा सगळ्यांना पटेल असं मला वाटत नाही. हिश्शांचे आकडे कुराणात थेट आहेत, आणि तिथे भल्याभल्यांची गाडी अडते. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व बंद केलं, ते कुराणाच्याच आधाराने: ४:३ (म्हणजे सूरह निसाची ३ री आयत) म्हणते, न्याय करता येणार नसेल तर एकच करा, ४:१२९ म्हणते, कितीही वाटलं तरी तुम्हाला पुरता न्याय करता येणार नाही. पण त्याच देशात २०१८ मध्ये समान वारशाचा प्रस्ताव आला तो तसाच राहिला. सुधारणावादी अभ्यासक असगर अली इंजिनिअर कुराण उघडून वाद घालत. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई मात्र ग्रंथाच्या अर्थात न शिरता थेट समान कायदा मागत. मला पूर्वी दलवाईंचा रस्ता जवळचा वाटायचा. पण आपाला नुसता कायदा नको होता, तो तर तिच्याकडे होताच. अल्लाही आपल्या बाजूने आहे, हे तिला ऐकायचं होतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. समान वाट्याचा निर्णय आमच्यासाठी पोर्तुगीजांनी घेऊन टाकला, आम्हाला कुणी विचारलं नाही. कागदावर अडचण काही नाही. घरात ओट्यावर बसून बहिणीकडून सही मागितली जाते, ती अडचण. आणि ती फक्त मुसलमानांच्या घरात मागतात असंही नाही.

आमचं वारसाचं डीड ६-६ नेच झालं. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतून बाहेर पडताना चाचांनी अम्मीला विचारलं, "तुझ्या बाराचं पुढे काय?" अम्मी म्हणाली, "अजून मी आहे ना."