गच्चीवरच्या सोलर पॅनेलला आरसे लावून आणि पाण्याने थंड ठेवून वीज वाढेल का?

तुमची 540 वॅटची सहा पॅनेलं आहेत, त्यांना खालून आरसे लावायचे आणि वरून पंपाने पाणी सोडायचं, असा तुमचा बेत दिसतो. मुलुंडला आमच्या गच्चीवर मी दोन्ही करून पाहिलंय. आरशांच्या फंदात अजिबात पडू नका.

मी प्लायवूडवर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला आणि 72 सेलच्या (सेल म्हणजे पॅनेलवरचे वीज बनवणारे छोटे चौकोन) एका जुन्या पॅनेलच्या पायथ्याशी तिरका ठेवला. खालच्या तीन ओळींवर लख्ख पट्टा पडला, वरचा भाग होता तसाच. वायरमधला करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरचा आकडा जेमतेम हलला. सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यात कमी उजेडातला सेल देईल तेवढाच करंट मिळतो. जादा उजेडाची नुसती उष्णता होते. शिवाय मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडे सरकतो, म्हणजे पत्र्याचा कोन सारखा बदलत बसा. आणि पावसाळी वाऱ्यात तो पत्रा सुटून खाली रस्त्यावर गेला तर? त्या भीतीने मी तो जूनच्या आधीच काढला.

थंड करण्यात मात्र तथ्य आहे. पॅनेलवर लिहिलेले वॅट 25 अंशांना मोजलेले असतात. एप्रिलच्या दुपारी सेल सहज 65 अंशांवर जातात. दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट धरली तर 25 च्या वरच्या 40 अंशांना 14 टक्के, म्हणजे 540 चे 465 वॅट उरतात. पाण्याने 15 अंश उतरले तर सहा पॅनेलांचे मिळून 170 वॅट परत मिळतील. पण अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंपच त्याच्या दुपटीहून जास्त खातो! बोअरचं पाणी असेल तर काचेवर पांढरे क्षार बसतात, ते वेगळंच.

त्यापेक्षा पॅनेलं ज्यावर बसतात ते स्ट्रक्चर उंच ठेवा. पॅनेलच्या पाठीमागून वारा खेळला पाहिजे. पत्र्याच्या शेडला चिकटवून बसवलेली पॅनेलं सर्वांत जास्त तापतात. आमच्याकडे खालच्या मोकळ्या जागेत लोकांनी कुंड्या आणि जुनी दारं रचली होती, ती मी हटवायला लावली.

आणि कबुतरं! त्यांची एक वाळलेली विष्ठा एका सेलवर बसली तरी पॅनेलच्या त्या भागाची वीज पडते आणि तो सेल तापतो. पाऊस नसेल तेव्हा दर पंधरवड्याला, ऊन चढायच्या आत, पिण्याच्या पाण्याने आणि मऊ वायपरने धुवा. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका, काच तडकू शकते.