दुष्काळातले बालपण आणि साठीतले पोट

प्रश्न : माझे वय ६१ आहे. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे मिळणारी सुकडी (पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ) आणि रेशनवरची मिलो (परदेशी लाल ज्वारी) यांवर आम्ही दिवस काढले. आज घरात कशाची ददात नाही, तरी ताटात काही उरले की जिवाला लागते. पोट भरलेले असूनही मी नातवंडांचे उष्टे संपवतो. हातपाय बारीक आहेत, पोट मात्र सुटले आहे आणि आता मधुमेह निघाला आहे. सूनबाई म्हणतात, जिभेवर ताबा ठेवा. त्या उपासमारीचा याच्याशी काही संबंध असेल का?
— एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : असू शकतो. तुमच्या मधुमेहामागे आनुवंशिकता, वय आणि बैठी सवय यांचाही वाटा असणार, त्यामुळे सगळा दोष दुष्काळावर टाकता येणार नाही. पण हा केवळ जिभेचा प्रश्न आहे असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. मात्र आपल्या या किडकिडीत बाळांच्या अंगावर स्नायू कमी असूनही चरबी त्या मानाने टिकून होती. पोटात असताना आणि लहानपणी अन्न अपुरे पडले की शरीर आधी मेंदू सांभाळते आणि स्नायू व इन्सुलिन तयार करणारे स्वादुपिंड यांच्या वाढीत काटकसर करते. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात. तेच कमी असले आणि पुढे सुबत्तेच्या काळात पोटाभोवती चरबी साठली, तर इन्सुलिन अपुरे पडू लागते. म्हणूनच भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर मानतात, मग वजनकाटा काहीही दाखवो.

राहिला ताटाचा प्रश्न. पुढचे जेवण मिळेल की नाही याची शाश्वती नसलेल्या मुलाने समोरचे सगळे संपवणे हे त्या वेळचे शहाणपण होते. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या एका आजींच्या पिशवीत आजही फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी असते. त्यांना मी कधी रागावलो नाही, आणि तुम्हालाही रागावणार नाही.

सूनबाईंना हे उत्तर वाचायला द्या आणि नातवंडांना थोडे थोडे, मागतील तसे वाढायला सांगा, म्हणजे उष्टे उरणारच नाही. स्वतःसाठी पहिल्या वाढपातच भाकरी कमी घ्या, डाळ-उसळ वाढवा आणि पातेल्यात उरलेले तुमच्या डोळ्यांदेखत झाकून ठेवायला सांगा. चालण्याबरोबर खुर्चीवरून उठ-बस करण्यासारखा, स्नायूंना ताकद देणारा व्यायामही हवा. डॉक्टरांकडून रक्तदाब, डोळे आणि मूत्रपिंड तपासून घ्या. कडक उपासांच्या वाटेला मात्र स्वतःहून जाऊ नका : मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना साखर एकदम उतरू शकते, आणि तुमच्यासारख्या माणसाच्या मनात रिकाम्या पोटाने ती जुनी धास्ती पुन्हा जागी होते.