वाचकांचे प्रश्न : आडनाव, कुळी आणि डीएनए चाचणी

प्रश्न : आमचे आडनाव मोरे. आम्ही चंद्रगुप्त मौर्याच्या कुळातले असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. अलीकडे पुतण्याने लाळेचा नमुना पाठवून डीएनए चाचणी करून घेतली. अहवालात पितृवंशाचा गट ‘आर१ए’ आला असून मौर्य वंश आता शास्त्रानेच सिद्ध झाला, असे तो म्हणतो. हे कितपत खरे मानावे? आणि आडनावाचा खरा शोध घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, जिल्हा सातारा)

उत्तर : आपल्या प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत : आडनावाची व्युत्पत्ती, घराण्याचा इतिहास आणि शरीरातला आनुवंशिक वारसा. या तिन्ही एकमेकींच्या जवळून जातात, पण एकीचा पुरावा दुसरीला लागू पडतोच असे नाही. म्हणून त्यांचा वेगवेगळा विचार करू.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने आपल्या घरातली समजूत निराधार नाही. संस्कृतातील ‘मौर्य’ हा शब्द पाली ग्रंथांत ‘मोरिय’ असा येतो आणि त्यापासून मराठीत ‘मोरे’ होणे ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांना धरून आहे. अडचण अशी, की ‘मयूर’ या शब्दापासून ‘मोर’ आणि त्यापासून ‘मोरे’ हा मार्गही तितकाच सरळ आहे. अनेक मोरे घराण्यांत मोराचे पीस हे देवक मानतात आणि लग्नात त्याची पूजा होते. देवकावरून कुळाला नाव पडणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. बौद्ध परंपरेने तर मौर्यांचे नावच मोराशी जोडले आहे. तेव्हा शब्द दोन्हींकडे बोट दाखवतो आणि केवळ शब्दावरून निवाडा करता येत नाही.

इतिहासाचा धागा अधिक मोलाचा आहे. मगधातील मौर्य सत्ता इसवी सनापूर्वी १८५च्या सुमारास संपली, पण मौर्य म्हणवणारी घराणी त्यानंतरही पश्चिम भारतात होती. ऐहोळे येथील मेगुती जैन मंदिरावर रविकीर्तीने रचलेला जो शिलालेख आहे, त्यात शके ५५६, म्हणजे इसवी सन ६३४ची कालनोंद असून चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या सैन्याने कोकणच्या मौर्यांचा पराभव केला आणि ‘पश्चिम समुद्राची लक्ष्मी’ असलेली पुरी नगरी नौकांनी वेढली, असे सांगितले आहे. त्यानंतर मोरे हे नाव ठळकपणे समोर येते ते जावळीच्या खोऱ्यात. आदिलशाहीत ‘चंद्रराव’ हा किताब मिरवणाऱ्या या घराण्याकडून शिवाजी महाराजांनी १६५६मध्ये जावळी घेतली. ऐहोळेच्या शिलालेखापासून जावळीपर्यंत सुमारे हजार वर्षे होतात आणि हे अंतर सांधणारी सलग लेखी वंशावळ उपलब्ध नाही. कोकणच्या मौर्यांशी काही मोरे घराण्यांचा संबंध असणे शक्य आहे, एवढेच जबाबदारीने म्हणता येते. त्यापुढे जाऊन आजचे सर्व मोरे एकाच पुरुषापासून आले असे म्हणणे मात्र मला मान्य नाही. हे आडनाव मराठा आणि बौद्ध समाजांसह अनेक समाजांत आढळते आणि ते एकाहून अधिक ठिकाणी, एकाहून अधिक कारणांनी पडले असण्याचा संभव फार मोठा आहे.

येथे कुळी आणि आडनाव यांतील फरक ध्यानात घ्यावा. तुकाराम महाराजांच्या घराण्याची कुळी मोरे आणि उपनाव आंबिले असे परंपरा सांगते. महात्मा फुले यांचे घराणे मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या व्यवसायावरून ते फुले झाले. डॉ. आंबेडकरांचे घराणे सकपाळ, पण शाळेच्या दाखल्यात गावावरून नाव लागले. देशमुखी, कुलकर्ण, चिटणिशी ही तर वतने आणि हुद्दे. ती ज्याच्याकडे गेली त्याला ते नाव चिकटले. आज आपण ज्याला पिढीजात आडनाव म्हणतो, ते पुष्कळ घरांत शाळा, पलटण आणि महसूल यांच्या नोंदींमुळे इंग्रजी अमदानीत कायम झाले आहे.

आता चाचणीकडे वळू. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते आणि आपल्याकडे आडनावही त्याच वाटेने जाते, म्हणून दोन्हींची सांगड घालण्याचा मोह होतो. परंतु ‘आर१ए’ हा वाय गुणसूत्राचा एक गट आहे, एखाद्या कुळाचा शिक्का नव्हे. भारतापासून मध्य आशिया आणि पूर्व युरोपापर्यंत कोट्यवधी पुरुषांत हा गट सापडतो. भारतात तो अनेक जातींत आणि चेंचूंसारख्या आदिवासी समाजातही आढळला आहे. त्याची जी शाखा दक्षिण आशियात प्रामुख्याने दिसते, ती सुमारे साडेचार ते पाच हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे चंद्रगुप्ताच्या जन्माआधी दोन हजारांहून अधिक वर्षे अस्तित्वात असलेली आहे. शिवाय तुलना करायची तरी कशाशी? मौर्य राजांपैकी कोणाचेही अवशेष आपल्या हाती नाहीत. आपल्या उष्ण हवामानात प्राचीन डीएनए टिकणेच दुर्मीळ. राखीगढी येथील हडप्पाकालीन दफनांतून साठाहून अधिक नमुने तपासल्यावर एका स्त्रीच्या सांगाड्यातून उपयोगी पडेल एवढा डीएनए मिळाला आणि तो अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या पुतण्याचा अहवाल खोटा नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र त्या अहवालात मुळीच नाही.

आणखी एक हिशेब पाहा. पिढी तीस वर्षांची धरली, तर जावळीच्या प्रसंगाला साधारण बारा पिढ्या झाल्या. बाराव्या पिढीत प्रत्येकाच्या वंशवृक्षावर पूर्वजांच्या ४०९६ जागा असतात आणि वाय गुणसूत्र त्यांतील एकाच जागेची हकिकत सांगते. उरलेल्या ४०९५ जागांवरची माणसे, म्हणजे आपल्या सगळ्या आज्या, पणज्या आणि त्यांची माहेरे, या चाचणीला दिसत नाहीत. मला स्वतःला आडनावाच्या अभिमानात हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते. मौर्यकाळापर्यंत जायचे तर पाऊणशेहून अधिक पिढ्या मागे जावे लागेल आणि तेथवर वंश मिसळत गेलेले आहेत. भारतीय समाजांच्या जनुकांचा जो अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार आपल्याकडील व्यापक सरमिसळ सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली आणि त्यानंतर जातीतल्या जातीत लग्ने करण्याची रीत घट्ट होत गेली. मौर्यांचा काळ या सरमिसळीच्या काळातच येतो.

त्यात आपल्याकडे दत्तकाची प्रथा. राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलचे यशवंतराव घाटगे. १८८४मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि भोसले झाले. वारसा, कर्तव्य आणि नाव या सर्व अर्थांनी ते भोसलेच होते, पण वाय गुणसूत्र घाटग्यांचे होते. लहानसहान वतनदारांच्या घरांतही वंश चालवण्यासाठी पुतण्या, भाचा, मुलीचा मुलगा किंवा जावई घेतल्याची उदाहरणे कमी नाहीत.

मग या चाचणीचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण प्रश्न लहान आणि नेमका असेल तरच. इंग्लंडमध्ये २००९ साली ४० आडनावांच्या १६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विरळ आडनावांच्या पुरुषांत वाय गुणसूत्राचे साम्य ठळक दिसले, तर स्मिथसारख्या सर्वत्र पसरलेल्या आडनावात ते इतर लोकांपेक्षा जास्त नव्हते. स्मिथ म्हणजे लोहार आणि लोहार गावोगाव होते, हे त्याचे कारण. आपल्याकडे मोरे, पवार, जाधव, शिंदे यांची गत तशीच असणार. मात्र आपले गाव आणि शेजारच्या खोऱ्यातले एखादे गाव येथील दोन मोरे घराणी भाऊबंद आहेत का, असा प्रश्न असेल, तर दोन्हीकडच्या एकेका पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरील खुणा सविस्तर ताडून पाहता येतात. गटच वेगळे निघाले, तर त्या दोघांचा पितृवंशातील समान पूर्वज हजारो वर्षे मागे जातो. खुणा बारकाईने जुळल्या, तर काही शतकांतला समान पूर्वज संभवतो.

सुरुवात मात्र कागदांपासून करावी, असा माझा आग्रह आहे. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीकडून कुळी, देवक, कुलदैवत, मूळ गाव आणि सोयरीक कोणाशी होत नाही, हे लिहून घ्यावे. मग तहसील कार्यालयातील जुने फेरफार आणि जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, पाहावी; जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, तेव्हा जाणकार सोबत हवा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नोंदवह्या असतात आणि त्यांत गाव सांगितले की आडनावाची पाने निघतात. आपल्या भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे लोक, येत असतील, तर त्यांनी सांगितलेली वंशावळ अवश्य उतरवून घ्यावी. वतन असेल, तर पुण्याच्या पेशवे दप्तरात किंवा १९१०मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात महजर आणि करीने शोधावेत. करीना म्हणजे वादातील पक्षाने लिहून दिलेली हकिकत, तर महजर म्हणजे गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी आणि वतनदार यांच्या सभेपुढे, झालेल्या निवाड्याचा कागद. त्याच्या तळाशी हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असतात : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. अशा कागदावर आपल्या पूर्वजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि भांडण कशाचे होते ते सापडले, तर कोणत्याही अहवालातील टक्केवारीपेक्षा ते अधिक बोलके असते.

प्रश्न : आडनावाने जे कळत नाही ते जनुकांनी कळले, असे महाराष्ट्रातील एखादे उदाहरण आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कोकणातील ज्यूंचे, म्हणजे बेने इस्रायल समाजाचे आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे केवळ रायगड जिल्ह्यातील गावे सांगतात. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळत असल्याने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. समुद्रात गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, ही त्यांची परंपरा. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय असा दोन्हींचा मोठा वारसा आढळला, आणि ही सरमिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची असावी, असा अंदाज निघाला. गलबताची कथा यातून सिद्ध होत नाही, पण पश्चिमेकडून येऊन येथे मिसळल्याची आठवण खरी ठरते. एकाच्या लाळेवर हा निष्कर्ष बेतलेला नव्हता. समाजातील अनेकांचे नमुने शेजारच्या आणि दूरच्या लोकसमूहांशी ताडून पाहिल्यावर तो निघाला, हे विसरू नये.

प्रश्न : मला भाऊ नाही आणि वडील हयात नाहीत. माझ्या चाचणीतून माहेरच्या कुळाचा पितृवंश कळेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : थेट कळणार नाही, कारण स्त्रियांत वाय गुणसूत्र नसते. सख्खे काका किंवा त्यांचा मुलगा यांचा नमुना चालेल. तेही नसतील, तर आजोबांच्या भावाच्या वंशातील कोणताही पुरुष चालेल, मात्र मधला प्रत्येक दुवा पुरुषाकडून पुरुषाकडेच गेलेला हवा. आपल्या स्वतःच्या नमुन्यातून आईकडून आलेली मातृवंशाची रेषा कळेल आणि उरलेल्या गुणसूत्रांतून वडिलांच्या बाजूच्या जवळच्या नातलगांशी असलेले साम्यही दिसेल. नमुना देणाऱ्याला आधी एक गोष्ट स्पष्ट सांगावी : घरात कोणालाही ठाऊक नसलेले दत्तकविधान किंवा नाते या चाचणीतून उघड होऊ शकते. त्यांची संमती ही शक्यता कळल्यानंतरची असावी, आणि वयस्कर काकांना ती नको असेल, तर आग्रह धरू नये.