उसातलं घर आणि रात्रीचं मांजर

प्रश्न : ताई, जुन्नर तालुक्यात आमचं घर उसाच्या मधोमध आहे. गेल्या महिन्यात बोका रात्री बाहेर पडला तो परतलाच नाही. आता मांजरी उरली आहे. कोंडून ठेवली की रात्रभर ओरडते. सासूबाईंचं म्हणणं, मांजर घरात ठेवलं तर उंदीर कोण धरणार? काय करू?

उत्तर : बोका गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. त्याला कुणी नेलं हे सांगता येणार नाही, पण तुमच्या भागात बिबट्याचा विचार आधी करावा लागतो. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने कुत्री ३९ टक्के निघाली, आणि मांजरंही बरीच निघाली. म्हणजे शेळीइतकंच तुमचं मांजरही जपायला हवं. झाडावर चढून ते कुत्र्यापासून वाचेल, बिबट्यापासून नाही.

म्हणून दिवेलागणीच्या आत मांजरी घरात हवी. तिच्यामागे उसात पळू नका. दिवसा खाणं बेताचं ठेवा आणि पोटभर जेवण रोज त्याच वेळी, घरातच द्या. भुकेच्या ओढीने ती आपणहून येते. मग दार लावायचं. सुरुवातीला ओरडेल, पण ओरडल्यावर दार उघडलंत तर ओरडलं की दार उघडतं, एवढंच ती शिकेल. तेवढ्या रात्री सोसा.

सासूबाईंचा मुद्दा रास्त आहे, आणि त्यातच तुमची सोय आहे. मांजरीला रात्री धान्याच्या खोलीत ठेवा. उंदीर तिथेच येतात. घमेल्यात वाळू, वाटीत पाणी, बसायला पोतं, खिडकीला मजबूत जाळी. मात्र त्या खोलीत उंदराचं औषध किंवा धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या अजिबात नकोत. त्या गोळ्यांच्या वायूने मांजर मरतं, माणूसही मरतो.

नसबंदी अजून केली नसेल तर करून घ्या. माजावर आलेली मांजरी रात्री कोंडून राहत नाही, आणि तिच्या हाकेने गावातले बोके दाराशी येतात. कोंबडीची आतडी, पिसं उघड्यावर टाकू नका. त्या वासाने भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

ऊसतोडीच्या दिवसांत तर दिवसाही लक्ष असू द्या. आडोसा गेला की जनावरं जागा बदलतात. फडात ठिपक्यांची इवली पिल्लं दिसली तर मांजराची समजून घरी आणू नका. ती बिबट्याची किंवा वाघाटी या छोट्या रानमांजराची असू शकतात आणि आई जवळपासच असते. मागे सरा, वनविभागाला १९२६ वर फोन करा. कुणी विष घातलेलं मटण ठेवायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि ते मटण आधी तुमची मांजरीच खाईल.

मांजरीला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. मांजरी कुणाच्या चाव्याने जखमी होऊन घरी आली तर उघड्या हाताने जखम चाचपू नका, टॉवेलात गुंडाळून डॉक्टरांकडे न्या. घाबरून ती तुम्हाला चावली किंवा तिने ओरबाडलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.